डाव्या गालाचा फोटो

नवरा फोटोग्राफर आणि बायकोचा फोटो नापास, असं कुणी सांगितलं असतं तर काकूंनी त्याला वेड्यात काढलं असतं. पण व्हिसाच्या कचेरीत काचेमागच्या मुलीने फाईल उघडली, फोटो हातात घेतला, पासपोर्ट उघडला, एकदा याच्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे पाहिलं, आणि मग मान वर करून बराच वेळ काकूंकडे पाहिलं.

"हा फोटो चालणार नाही."

"का बरं? मागे पांढरं आहे. चष्मा काढलाय. हसलेली नाही. माप आमच्या ह्यांनी पट्टीने मोजलंय. त्यांचा स्वतःचा स्टुडिओ आहे."

"फोटोत फेरफार केलाय."

"कसला फेरफार? चेहरा माझाच आहे ना?"

मुलीने पासपोर्ट आणि फोटो शेजारी शेजारी ठेवून काचेखालच्या फटीतून पुढे सरकवले. पासपोर्टातल्या फोटोत काकूंच्या डाव्या गालावर, डोळ्याच्या जरा खाली, अंगठ्याएवढा तपकिरी डाग होता. तो जन्मापासूनचा. काकू आत्ता काचेसमोर उभ्या होत्या तेव्हाही तो होताच, कुठे जाणार? नव्या फोटोत मात्र तो गाल नुकतीच रंगवलेली भिंत असावी तसा स्वच्छ होता.

पासपोर्टातला फोटो सरकारी कचेरीतल्या यंत्राने काढलेला. तो पाहून काका म्हणाले होते, "पकडून आणलेल्या चोरासारखी दिसतेस यात," आणि तेव्हापासून काकूंनी ते पान पुन्हा उघडलंच नव्हतं. उघडलं असतं तर आज ही पाळी आली नसती.

"नवा फोटो घेऊन या. तारीखही नवी घ्यावी लागेल," मुलगी म्हणाली, आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

नवी तारीख लांबची मिळाली. काकूंना तर घाई होती. त्यांना परदेश बघायचा नव्हता, त्यांना ताई बघायची होती, आणि खरं म्हणजे ताईला त्या दिसायला हव्या होत्या. ताई त्यांच्याहून मोठी, लग्नानंतर परदेशात गेलेली, आता तिथेच मुलाच्या घरी राहणारी. तिची नजर मधून विरत चालली होती. एका डोळ्याची मधली नजर गेलीच होती, दुसऱ्याची जात होती. कडेचं राहील, मधलं जाईल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. ताई फोनवर म्हणाली होती, "लवकर ये गं. समोर बसवून तुला एकदा नीट बघून घेते. उशीर केलास तर तुझा नुसता आवाज ऐकायला मिळेल मला, आणि तो काय, फोनवरही मिळतो."

स्टुडिओ पुढे आणि घर मागे, असा त्यांचा संसार. काका पुढच्या खोलीत कुठल्याशा नवरदेवाचं पिंपल पुसत बसले होते. काकूंनी पर्स आपटली आणि फोटो त्यांच्यापुढे टाकला.

"माझ्या फोटोला हात लावलात तुम्ही?"

"मी? छे."

"मग डाग कुठे गेला?"

काकांनी फोटो उजेडात धरला. तोंड असं केलं की जणू त्यांनाही आत्ताच कळत होतं. "अगं, ती सफाई. सफाई म्हणजे काही हात लावणं नव्हे. हात लावणं म्हणजे नाक सरळ करणं, डोळे मोठे करणं. तसलं मी कधी केलंय? सफाई सगळ्यांचीच होते. पाटी पुसल्याशिवाय कुणी लिहितं का?"

"व्हिसावाल्यांना पाटी पुसलेली नको आहे."

"मला काय माहीत त्यांना काय हवंय? चार दशकं लोक माझ्या हातून सफाई करून घेतात, आजवर एकाने तक्रार केली नाही."

हे मात्र खरं नव्हतं. एकीने केली होती, आणि ती दोघांनाही चांगली आठवत होती.

ताई परदेशी निघाली तेव्हा दोघी बहिणी आठवणीसाठी एक जोडफोटो काढायला याच स्टुडिओत आल्या होत्या. तेव्हा काका काका नव्हते, दुकानात नवीनच बसायला लागलेला, केस मागे वळवलेला तरुण होता. तेव्हाचं काम निगेटिव्हवर चालायचं. टोक केलेल्या पेन्सिलीने चेहऱ्यावरचे डाग भरून काढायचे. धाकटीचा फोटो बघून त्याला वाटलं, पोरगी छान आहे, बिचारीला खूश करू. ताई फोटो न्यायला आली, पाकीट उघडलं आणि काउंटरवर परत ठेवलं. "ही कोण? माझी बहीण द्या मला."

लहानपणापासून ताईचा त्या डागावर हक्क होता. धाकटीला कुणी चिडवलं की ताई सांगायची, "तो डाग नाहीये. ही जन्मली तेव्हा सगळ्यांच्या आधी मी हिला हात लावला, तो माझा अंगठा आहे." आणि अंगठा टेकवून दाखवायची. बरोबर बसायचा. चिडवणाऱ्याचं तोंड बंद व्हायचं, आणि नाहीच झालं तर ताईचा हात चालायचा, तोही बरोबर बसायचा.

तर ताईने दुकानात आवाज चढवला. पण निगेटिव्हवरच पेन्सिल फिरलेली, आणि ताई दुसऱ्या दिवशी निघणार. तोच फोटो घेऊन ती गेली. तरुण फोटोग्राफर माफी मागायला घरी आला, मग पुन्हा आला, मग कारण नसताना यायला लागला. पुढचं सांगायला नको.

लग्नानंतरही पेन्सिल थांबली नाही. पुढे पेन्सिल जाऊन कॉम्प्युटर आला, सफाई तीच. काकूंचा प्रत्येक फोटो ताईकडे गेला तो गाल धुवून. ताई दर वेळी कुरकुरायची, "फोटो सुंदर आहे. तू कुठायस त्यात? माझा अंगठा कुठाय?" काकू हसून विषय बदलायच्या. खोटं कशाला बोला, त्यांना ते फोटो आवडायचे. काचेच्या कपाटात, दुकानाच्या दर्शनी बाजूला, त्यांचा एक मोठा फोटो लागला होता. येणारं गिऱ्हाईक विचारायचं, "ही कोण हो?" काका छाती फुगवून सांगायचे, "ही आमची ही." गिऱ्हाईक मग काकूंकडे पाहायचं, मग फोटोकडे, आणि मग काहीतरी विचारायचं सोडून द्यायचं.

"या वेळी कॉम्प्युटरला हातही लावणार नाही," काकांनी कबूल केलं. "नुसता काढायचा आणि छापायचा."

त्यांनी शब्द पाळला. काकू पुढच्या तारखेला गेल्या. काचेमागे तीच मुलगी. तिने फोटो पाहिला, ओठ दाबले.

"आजी, मान वळलीये. दोन्ही कान दिसले पाहिजेत. एकच दिसतोय. आणि या गालावर सावली आहे."

"डाग आहे ना पण?"

"आहे असं वाटतंय. पण सरळ हवा."

आजी म्हटलेलं काकूंना एरवी लागलं असतं. त्या दिवशी लागायला जागाच उरली नव्हती. बाहेर येऊन त्या फाटकापाशी उभ्या राहिल्या आणि काकांना फोन लावला. एवढं बोलल्या, एवढं बोलल्या, की फाटकावरचा पहारेकरी त्यांच्याकडे पाठ करून उभा राहिला. काकांचं म्हणणं एकच, "तू सरळ बसायचं होतंस ना. मी काय मान धरून ठेवू?"

त्याच संध्याकाळी ताईचा फोन आला. भाच्याने लावून दिला होता, कारण ताईला आता आकडे दिसत नव्हते. "दुसऱ्या डोळ्यातही मधेच धुकं बसायला लागलंय," ती म्हणाली. "काल चहाचा कप ठेवायला गेले तर टेबल संपलं होतं. तुझं काय झालं?"

"फोटोवर अडलंय."

ताई म्हणाली, "तुझा नवरा फोटोग्राफर आहे ना अजून?"

हा टोमणा काकूंच्या जिव्हारी लागला. दुसऱ्या दिवशी त्या काकांना न सांगता बाजारातल्या मोठ्या दुकानात गेल्या. तिथे पडदा लावलेलं फोटोचं यंत्र होतं. आत बसायचं, यंत्र बोलतं, यंत्रच फोटो काढतं, माणसाचा संबंध नाही. काकूंना हे फार पटलं. माणसांनी आजवर काय दिवे लावले ते त्यांनी पाहिलंच होतं.

त्या स्टुलावर बसल्या. पडद्यावर त्यांचा चेहरा उमटला, भोवती हिरवं वर्तुळ. यंत्रातल्या बाईने गोड आवाजात सांगितलं, "चेहरा सरळ ठेवा."

काकूंनी ठेवला.

"चेहरा सरळ ठेवा."

"ठेवलाय की."

"चेहरा सरळ ठेवा."

काकूंनी दात आवळले, खांदे ताठ केले, गळ्याच्या शिरा दिसेपर्यंत मान ताठ केली. वर्तुळ लाल झालं. बाई म्हणाली, "चेहऱ्यावर भाव नकोत."

"तुझ्या समोर बसून भाव येणार नाहीत तर काय होईल?" काकू म्हणाल्या. पडद्याबाहेर कुणीतरी हसलं. रांग लागली होती. एक माणूस म्हणाला, "मावशी, त्या बाईशी भांडू नका, ती ऐकत नाही कुणाचं."

काकूंनी पुन्हा मान सरळ केली, आणि या वेळी पडद्यावर नीट पाहिलं. त्यांना स्वतःला सरळ वाटत होतं, पण पडद्यातली बाई डावीकडे वळलेली होती. डावा गाल मागे, उजवा पुढे. त्यांनी मुद्दाम मान उजवीकडे ढकलली. जरा वेळ राहिली. यंत्र "तीन, दोन" म्हणेपर्यंत ती आपोआप, गोठ्याकडे निघालेल्या गाईसारखी, डावीकडे परत गेली. त्यांनी पुन्हा ढकलली. पुन्हा गेली. शेवटी यंत्राने "वेळ संपली" असं सांगून पडदा काळा केला आणि एकही फोटो दिला नाही.

काकू रांगेतून वाट काढत बाहेर आल्या. इतकी वर्षं राग नवऱ्यावर काढत होत्या, आणि मान तर स्वतःचीच निघाली. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. इथे मरायला वेळ नव्हता, ताईचे डोळे चालले होते.

घरी आल्या तर काका जेवायचे थांबले होते. काकूंनी ताटं वाढली नाहीत. समोर खुर्ची ओढून बसल्या.

"मला एक सांगा. खरं सांगा. हा डाग तुम्हाला एवढा खुपतो?"

"कुठला डाग?"

"अहो, चेष्टा नकोय."

"चेष्टा नाही करत." काकांनी त्यांच्या गालाकडे पाहिलं, आणि खरोखरच जरा शोधल्यासारखं पाहिलं. "घरात मला तो दिसतच नाही गं. तू असतेस, बास. फोटोत आला की तो एकटाच पुढे येऊन उभा राहतो. बघणारा आधी त्याला बघेल, मग तुला. मला ते सहन होत नाही. हात आपोआप जातो."

"आणि माझी मान?"

काका खाली बघायला लागले. "ती मीच लावलेली सवय आहे. फोटो काढताना मी तुझ्या डाव्या हाताला उभा राहतो. तू मला बघायला वळतेस. म्हणजे कॉम्प्युटरवर काम कमी पडतं. पहिल्यापासून तसंच करतोय."

हा माणूस काकूंना एक वाईट शब्द कधी बोलला नव्हता. डागाबद्दल तर कधीच नाही. आणि इतकं न बोलता त्याने त्यांची मानच वळवून ठेवली होती. त्यांना रडू आलं, आणि रडू आलं म्हणून जास्त राग आला.

"ताईला मी दिसायला हवी आहे," त्या म्हणाल्या. "तुमची काचेच्या कपाटातली बाई नाही, मी. ती तिकडे आंधळी होत बसलीये आणि आपण इथे माझा गाल लपवतोय. उद्याच्या उद्या मला फोटो पाहिजे."

"उद्या कशाला?" काका उठले. "आत्ता चल."

स्टुडिओतले दिवे लागले. काकू पांढऱ्या पडद्यासमोर स्टुलावर बसल्या. काकांनी कॅमेरा तिकाटण्यावर चढवला आणि सवयीने काकूंच्या डावीकडे जाऊन उभे राहिले. काकूंची मान गेली डावीकडे.

"हे बघा, गेली."

काका थबकले. डोकं खाजवलं. मग लांब वायर लावलेलं बटण हातात घेतलं आणि कॅमेऱ्याला वळसा घालून पलीकडे, काकूंच्या उजव्या हाताला गेले. या जागी ते आयुष्यात कधी उभे राहिले नव्हते. दिव्याच्या स्टँडला त्यांचा पाय अडकला, पडता पडता वाचले.

"इकडे बघ."

काकूंना उजवीकडे बघायचं होतं आणि मान तर डावीकडे निघाली होती. दोन्हीकडची ओढाताण सुरू झाली. मान इकडे यायची, तिकडे जायची. काका बटण दाबत सुटले. "अजून. अजून थोडी. गेलीस पुढे, परत ये. आता तिकडे गेलीस." काकू म्हणाल्या, "मी मान आहे की दार?" काका म्हणाले, "बोलू नकोस, तोंड उघडं येतं." असं बराच वेळ चाललं. दोन वाकड्या मिळून मधे कुठेतरी एक सरळ सापडेल, एवढाच त्यांचा हिशेब.

सापडली. ढीगभर फोटोंत एक. दोन्ही कान, दोन्ही गाल, बंद तोंड. समोर बघणारी, दमलेली, कुणालाच खूश न करणारी बाई. आणि डाव्या गालावर ताईचा अंगठा.

काका कॉम्प्युटरपाशी बसले. फोटो उघडला, मोठा केला, आणि त्यांचा हात माऊसवरून सरळ गालाकडे निघाला. काकूंनी मनगट धरलं. काकांनी चोरी पकडल्यासारखं वर पाहिलं.

"मी काही करत नव्हतो."

"माहीत आहे. उठा."

काका उठले आणि हात मागे बांधून उभे राहिले. काकू बसल्या. कापायचं कुठून, छापायचं कुठे, ते काका सांगत गेले. काकूंच्या हातून कड एका बाजूला किंचित तिरकी कापली गेली. काकांना ते बघवलं नाही, ते आत जाऊन ताटं वाढायला लागले.

काचेमागच्या मुलीने तो फोटो घेतला, कागदावर टाचला आणि शिक्का मारला. तिने मान वरसुद्धा केली नाही. काकूंच्या ओठांवर आलं होतं, अगं बाई, एवढा जीव काढलास, आता बघ तरी. पण त्यांनी ते गिळलं. अडला हरी, दुसरं काय.

व्हिसा आला, पण त्यालाही वेळ लागला. त्या काळात ताईचे फोन कमी झाले. भाचाच बोलायचा. "आई बरी आहे," म्हणायचा, आणि डोळ्यांचं विचारलं की म्हणायचा, "ये तू, मग बघ."

तिकडे पोचल्यावर भाच्याने बॅगा दारातच ठेवल्या. "आई स्वयंपाकघरात आहे, मावशी."

ताई खिडकीजवळच्या खुर्चीत बसली होती. केस पांढरे झाले होते, खांदे उतरले होते, पण बसणं तेच, पुढे झुकून, कुणाला तरी दम द्यायच्या बेतात. काकू दारात उभ्या राहिल्या. "ताई, आले गं."

ताईने आवाजाच्या दिशेने तोंड केलं, आणि लगेच तोंड फिरवून ती भिंतीकडे पाहायला लागली.

रागावलीये, काकूंना वाटलं. रागवायचा हक्क आहे तिला. तिने एवढं बोलावलं आणि आपण फोटोपायी उशीर केला. त्या पुढे झाल्या, ताईसमोर खाली बसल्या. "ताई, चुकलं माझं. माझ्याकडे बघ तरी."

"तुझ्याकडेच बघतेय," ताई म्हणाली, भिंतीकडे तोंड करून. "समोर पाहिलं की तू असतेस तिथे नुसतं धुकं येतं. तोंड फिरवलं की कडेने थोडी दिसतेस. मधलं संपलं गं माझं."

काकूंची मान, कॅमेऱ्यासमोर जायची तशी, हळूच डावीकडे निघाली.

"ए," ताई म्हणाली. "हलू नकोस. जन्मभर फोटोत तू मान वळवलीस. आता मला वळवावी लागते, म्हणून तू सरळ बस."

काकू सरळ बसल्या. ताईचा हात पुढे आला, आधी कानाला लागला, मग नाकाला, मग चाचपडत डोळ्याखाली थांबला. तिने अंगठा टेकवला. जरा फिरवून पाहिला, पुन्हा टेकवला.

"अंगठा सुकला माझा," ती म्हणाली. "आता पुरा बसत नाही. डाग कडेने उरतोय."

काकूंच्या गालावरून पाणी ताईच्या अंगठ्यावर आलं. त्यांनी मान हलवली नाही.